पडद्यावरचा चढणीचा रस्ता

प्रिय दादा,

रस्ता चढतच होता. तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. "मेल्या, तुझी मान वाकडी" असं तू कितीदा सुनावलंस, पण तुझ्या पडद्यावरचा तो राजवाड्याकडे जाणारा रस्ता सपाट नव्हता. घाटाला लागल्यासारखा वर जायचा. वाडीतली माणसं नाटक बघता बघता ओरडायची, "राजाच्या रथाला पयला गिअर टाका रे." आणि तुझं उत्तर ठरलेलं. "कोकणात सपाट रस्ता हाय कुठं? दाखवा, मग काढतो." लोक हसायचे, तू बिडी पेटवायचास आणि तुझ्यापुरता विषय संपायचा.

माझा संपला नव्हता. तू मात्र गेल्या श्रावणात भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेलास. असं करतात का? मी भर समुद्रात. जहाजावर निरोप पोचला तोवर तुझं सगळं आटपलं होतं. त्या दिवशी मी नेहमीसारखी भांडी घासली, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आज लिहितोय, कारण काल वहिनीचा फोन आला. मंडळाला यंदाच्या शिमग्यातल्या नाटकाला नवा पडदा हवाय. तुझा पडदा उंदरांनी खाल्ला. मंडळाचे सेक्रेटरी गंगारामकाका म्हणाले, चिपळुणातून छापून आणू, एका दिवसात मिळतो. तर तुझी सानिका उभी राहिली आणि म्हणाली, मी रंगवते. भर मीटिंगमध्ये, दादा. गंगारामकाकांना नाही म्हणता येईना. म्हणाले, "बापाच्या जाग्यावर करतेस तर कर, पण आईला विचारून ये."

आणि अडलं ते तिथेच.

"भावजी," वहिनी म्हणाली, "पोरगी रडून रडून जीव काढते. पण ह्यांनी शेवटपर्यंत बजावलेलं, सानूच्या हातात ब्रश देऊ नको. दवाखान्यातसुद्धा तेच. आता ते नायत, तर त्यांचा शब्द मी मोडू? तुम्ही सांगाल तसं करते."

मी सांगायचं! शाळेने ज्याला सातवीत हात जोडले त्याने. पण घरात आता मोठा मीच, त्याला मी तरी काय करू? दोन दिवसांत सांगतो म्हणालो. वहिनीला सांगण्याआधी तुझ्याशी बोलायला हवं. तेव्हा बिडी बाजूला ठेव आणि ऐक, कारण मी जे बघून आलोय ते तू बघितलं असतंस तर वेडा झाला असतास. मी झालोय.

आधी तुझी पद्धत तुलाच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

घराच्या मागच्या चिऱ्याच्या भिंतीला तू कोरा मांजरपाट टांगायचास. त्याला सरस आणि खडूचा हात द्यायचास, अख्ख्या परड्यात वास. वाळला की कापडासमोर ताठ उभा राहायचास आणि बरोबर आपल्या डोळ्यासमोर एक खिळा ठोकायचास. त्या खिळ्याला दोरी. दोरीला कपड्यांची नीळ चोळलेली. मी दोरीचं दुसरं टोक धरून ताणायचो, तू मधे चिमटीत उचलून सोडायचास, फटदिशी निळी रेघ उमटायची. रस्त्याच्या दोन कडा, खांबांची टोकं, फरशीचे चौकोन, सगळ्यांच्या रेघा त्या एका खिळ्याला. "ह्या खिळ्याच्या दिशेने सगळं बारीक होत जातं," म्हणायचास. "जवळचं मोठं, लांबचं बारीक. डोळ्याला फसवायचं तर असं फसवायचं." खेडला एसटी डेपोजवळ ज्या पेंटरकडे बोर्ड रंगवायला शिकलास, त्याने तुला हे दाखवलेलं. त्याला कोणी दाखवलं, ते तुलाही ठाऊक नव्हतं.

आता ते दुसरंही काढतोच. तू म्हणायचास मी मुद्दाम केलं. नाही केलं. नाटकात मी दूत होतो, निरोप देऊन उजव्या विंगेत जायचं होतं. पण हॅलोजनच्या उजेडात तो रस्ता असा समोर होता की माझे पाय तिकडेच वळले. दरवर्षी खालून बघितलेला चढ डोक्यात होता, म्हणून मी पाऊलसुद्धा उचललं, दादा. गुडघा कापडात, डोकं राजवाड्यात, वरचा बांबू सुटला आणि पडदा राजाच्या अंगावर. माणसं सतरंजीवर लोळून हसली. तू मला मागे ओढलंस आणि म्हणालास, "मुद्दाम माझा पडदा पाडलास." मी म्हणालो, "जाता येत नाय तर रस्ता काढतोस कशाला?" त्यावर तू महिनाभर बोलला नाहीस. इतका राग? मी पडलो तो तुझा रस्ता खरा वाटला म्हणूनच ना? यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठल्या पेंटरला मिळतं?

मला जहाजावर धाडताना खेड स्टेशनावर आलास. माझी बॅग डब्यात ठेवलीस. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणालास, "तिकडे तरी बघून चाल."

बरं. तर तिकडचं सांगतो.

आमचं जहाज इटलीत लागतं. बंदरातून आगगाडीने दीडेक तासावर फ्लॉरेन्स नावाचं शहर आहे. सानूला हे कळल्यापासून तिने माझ्यामागे फोनवर भुणभुण लावलेली. "काका, स्टेशनासमोरच चर्च आहे. आत डाव्या भिंतीवर एक चित्र आहे. बघून ये. आधी लांब उभा राहा, मग जवळ जा. आणि फोटो काढ." कुठे बघते ही पोर हे सगळं? तू ब्रश लपवून ठेवलेस, फोन लपवायचा राहिला.

सुट्टी मिळाली तेव्हा माझ्याबरोबर इब्राहिम होता. केळशीचा, आमच्या किचनमध्ये भाजी चिरतो, जिभेवर कधीही मिरची. त्याला सासऱ्यासाठी चामड्याचा पट्टा घ्यायचा होता. चर्चच्या दारात तिकीट बघून तो थबकला.

"भिंत बघायला पैसे?"

"चित्र आहे भिंतीवर."

"आमच्या केळशीत ये, भिंती फुकट दाखवतो. वर चहा पाजतो."

तरी आला आत, शिव्या देत.

दादा, आत गेलो आणि मला वाटलं, भिंत फोडून मागे कोणीतरी खोली बांधलीय. खरंच. पुढे दोन मोठे खांब, वर कमान, कमानीतून आत जाणारं गोल छत. छताला चौकोन, ओळीने. पुढचे चौकोन ताटाएवढे, मागचे बारीक बारीक होत गेलेले. त्या खोलीत क्रूसावर येशू, त्याच्या मागे उभा म्हातारा देव त्याला धरून. खाली दोन माणसं. खोलीच्या बाहेर पायरीवर एक नवरा आणि एक बायको गुडघे टेकून, ती म्हणे चित्राचे पैसे देणारी. मी हात पुढे केला असता तर त्या खोलीत गेला असता, अशी माझी खात्री. एकदा कापडावर आपटलेला माणूस मी, मला तरी अक्कल हवी होती. पण पाऊल उचललं गेलंच. इब्राहिमने दंड धरला.

"कुठे चाललास? दोरी बांधलीय पुढे."

जवळ गेलो, तर भिंत सपाट. हाताच्या तळव्यासारखी. खोली नाही, छत नाही, नुसता चुना आणि रंग. मागे सरलो, पुन्हा खोली. पुढे, पुन्हा भिंत. मी पोरासारखा मागेपुढे करत राहिलो आणि इब्राहिम म्हणाला, "ह्याला बंदरावर ऊन लागलं."

सहाशे वर्षांपूर्वीचं आहे ते, दादा. पोरगेलासा चित्रकार होता, सानू सांगते, तिशीही गाठली नाही. त्याच्या आधी तिकडे चित्रं कशी काढायचे, तेही त्याच चर्चमध्ये टांगलेलं आहे. मागे नुसतं सोनं फासलेलं, देव मोठा, देवदूत मध्यम, माणूस बारका. आपल्या देवळाच्या भिंतीवर गावच्या मंडळींनी रंगवलंय ना, अगदी तसंच. ज्याचा मान मोठा तो मोठा, लांब आणि जवळ असा हिशोबच नाही. मग या लोकांनी ठरवलं की मान राहू दे बाजूला, डोळ्याला दिसतं तसं काढू. लांबचा देव असला तरी नियम त्यालाही. केवढी हिंमत बघ! त्या वेळी कोणी ना कोणी बोललंच असणार, मागचे खांब बारके का काढलेस, चुना कमी पडला का? तिकडेही कोणी तरी बिडी पेटवून उत्तर दिलं असेल.

आता खरी गोष्ट. एक बाई दहाबारा माणसांचा घोळका घेऊन आली, चित्र समजावून सांगत होती. तिची भाषा मला येत नाही. पण तिने हवेत एका ठिकाणी बोट टोचलं, क्रूसाच्या पायाशी, आणि तिथून दुसऱ्या हाताने चारी बाजूंना दोऱ्या ओढल्यासारखं केलं. मग छताकडे दाखवलं. मी मान तिरकी करून आडव्या उजेडात बघितलं, तर भिंतीत रेघा. रंगाच्या नव्हेत. ओल्या गिलाव्यात ताणलेली दोरी दाबली की उमटतात तशा बारीक खाचा. वरच्या चौकोनांच्या कडेने खाली येणाऱ्या, सगळ्या त्या एका जागेकडे.

खिळा, दादा. त्याने खिळा ठोकला होता आणि दोरी ताणली होती.

मी मोठ्याने "आईशप्पत" म्हणालो. चर्चमध्ये. त्या बाईने वळून बघितलं. मी इब्राहिमला सांगायला लागलो, हे आमच्या परड्यातलं आहे, चिऱ्याच्या भिंतीवरचं, माझ्या हातात असायचं दोरीचं टोक, फक्त नीळ नाही. तो म्हणाला, "तुझ्या भावाने हे बघितलेलं?" मी म्हणालो, तो चिपळूणच्या पलीकडे फार तर रत्नागिरीला गेला असेल, तोही कोर्टाच्या बोर्डासाठी. त्यावर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि पट्ट्याचं नाव काढलं नाही. चांगला माणूस आहे.

खाली, चित्राच्या तळाशी, दगडी चौथऱ्यावर हाडांचा सापळा काढलाय. त्याच्याकडे मी फार वेळ बघितलं नाही. का, ते तुला माहीत आहे.

सानूला फोटो पाठवले. पाचेक मिनिटांत तिचा व्हॉइस मेसेज. थँक्यू वगैरे काही नाही, तुझीच पोर.

"काका, उभा राहून काढलेस ना फोटो? आता खाली बस. जमिनीवर. बसून काढ."

मी बसलो मांडी घालून, मधोमध. इब्राहिम म्हणाला, "अरे ऊठ, लोक चिल्लर टाकतील पुढ्यात." पण मी बसून बघितलं आणि गंमत झाली. खोली गेली. म्हणजे चित्र तिथेच, पण ती आत जायची भूल सुटली, छत जरा भलतंच वाटायला लागलं. उठलो, पुन्हा खोली आली. रखवालदार बोट दाखवत येईपर्यंत मी तीनचार वेळा उठाबशा काढल्या.

मग तिचा दुसरा मेसेज आला. तो मी किती वेळा ऐकलाय सांगत नाही. तुला जसाच्या तसा लिहून देतो.

"काका, त्या चर्चमध्ये माणसं उभी राहून बघतात. म्हणून त्याने खिळा उभ्या माणसाच्या डोळ्याएवढ्या उंचीवर ठोकला. बाबांनी पण तसाच ठोकला, आपल्या उभ्या डोळ्यासमोर. पण आपल्याकडे नाटक उभं राहून कोण बघतं? सगळे सतरंजीवर बसतात. रंगमंच हातभर उंच. बसलेल्या माणसाचा डोळा रंगमंचाच्या वर जेमतेम गुडघ्याएवढा. आणि बाबांचा खिळा त्याच्या कितीतरी वर. म्हणून रस्ता वर वर जातो. बाबांच्या दोऱ्या सगळ्या बरोबर होत्या, काका. खिळा फक्त खाली घ्यायला हवा होता. गुडघ्याएवढा."

कळलं का तुला?

इतकी वर्षं आपण दोघं भांडलो. मी म्हणायचो चढतो, तू म्हणायचास नाही चढत. मी खाली बसून बघत होतो, तू उभा राहून बघत होतास. तुझ्या जागेवरून तो खरंच सपाट होता! रंगवताना सपाट दिसला, पडदा लावताना विंगेत उभं राहून बघितलास तेव्हाही सपाट दिसला. तू नाटकाला कधी सतरंजीवर बसलासच नाहीस. बसणार कसा, दर वेळी पडद्यामागे बांबू धरून उभा. मी कधी परड्यात तुझ्याशेजारी डोळ्याला डोळा लावून उभा राहिलो नाही. आणि तुझ्या मांडीवर बसून नाटक बघायला हट्ट करणारी, तू कधी वेळ दिला नाहीस म्हणून आईच्या मांडीवर बसून बघणारी पोरगी, तिने हे काढलं शोधून. एका भिंतीच्या फोटोवरून, दोन हजार कोसांवरून की काय ते.

मी त्या फरशीवर उभा राहून हसत होतो, दादा, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. इब्राहिमने रुमाल दिला, मसाल्याचा वास असलेला.

आता मुद्द्यावर येतो.

तू ब्रशबंदी का घातलीस ते मला माहीत आहे. खेडच्या दुकानात मी तुझ्याबरोबर बसलेलो आहे. छापील फ्लेक्स आले आणि तुझे बोर्ड एकेक करून उतरले. ज्या दुकानदाराची पाटी तू नवसासारखी रंगवलीस, तो तुझ्यासमोर तुझ्या पाटीवर फ्लेक्स ठोकून गेला, आणि वर तुझ्याकडूनच शिडी मागून. शेवटी तुझ्याकडे गाड्यांच्या मागची अक्षरं तेवढी राहिली. मंडळं पडद्याबद्दल शाल-नारळ द्यायची. तू एकदा वहिनीला म्हणालास, "नारळ आपल्या झाडाला काय कमी आहेत?" ते मी ऐकलंय. पोरीने असं जगू नये, नर्स व्हावं, महिन्याच्या महिन्याला पगार यावा. यात चुकीचं काय आहे? काहीच नाही. तुझ्या जागेवरून सगळं बरोबर दिसतं.

पण तू तिला विचारलंस का, तिच्या जागेवरून काय दिसतं? मला सांग, तुला राग पैशाचा होता की फ्लेक्सचा? आणि तो राग पोरीवर कशाला? ती नर्सिंगचा फॉर्म भरायला तयार आहे, तेही तिने मला सांगितलं. नर्स होईन म्हणते, पण पडदा मी रंगवणार म्हणते. दोन्ही कर, तुला अडवतो कोण, असं मी म्हणालो आणि मग आठवलं, अडवणारा तूच आहेस. मेलेल्या माणसाशी भांडणं फार कठीण, दादा. तो आपला हट्ट सोडत नाही.

म्हणून मी ठरवलं.

इथवर लिहून झालं आणि वहिनीला फोन केला. म्हटलं, वहिनी, शब्द तुम्ही मोडायचा नाही. मी मोडतो. त्याच्या नावाने काही बोलणं ऐकावं लागलं तर ते माझ्या खात्यावर. सानूला सांगा, उद्या कापड मोजून घे.

वहिनी म्हणाली, "ते रागावतील हो."

"त्याला रागवू दे. मला सवय आहे."

मागून सानूचा आवाज आला, "काका काय म्हणाला? काय म्हणाला?" आणि वहिनीने फोन हाताने झाकला, तरी मला ऐकू आलं. "रंगव म्हणाला. आणि परड्यात सरस शिजवायचा नाय, लांब माडाखाली शिजव, वास येतो." म्हणजे झालंच की. वासावरून भांडण सुरू झालं, म्हणजे ब्रश हातात आला.

तिचं सगळं ठरलंय. राजवाडा नको म्हणते, राजे कोण बघतं आता. रस्ता काढणार आहे, जगबुडी नदीच्या पुलावरून खेडात शिरणारा. पुढे पुलाचे कठडे, मागे डेपो, त्याच्या मागे डोंगर. म्हटलं, एवढं सगळं जमेल? म्हणाली, "नाय जमलं तर पुन्हा पांढरा हात मारीन. कापड काय ओरडत नाय." खिळा गुडघ्याएवढ्या उंचीवर मारायचा म्हणजे तिला रेघा ओढताना जमिनीवर लोळावं लागणार. दोरीचं टोक धरायला वहिनी असेल. विचार कर, वहिनी! जिने पंचवीस वर्षं तुझ्या निळीचे डाग धुतले ती.

आणि माझ्याकडून तुला एक वचन. काँट्रॅक्ट फेब्रुवारीत संपतं, मी शिमग्याला घरी असणार. नाटकात काम करणार नाही, गंगारामकाकांनी पाया पडून सांगितलंय तसं. सतरंजीवर बसेन, मागे, जिथे माणसांच्या डोक्यांमधून बघावं लागतं तिथे. आणि जे दिसेल ते सानूला खरं सांगेन. रस्ता चढला तर चढला म्हणेन, ती रडली तरी. तुझ्याशी जसा खरं बोललो, तसंच तिच्याशी. पुतणी म्हणून सवलत नाही. आणि सपाट दिसला तर तेही सांगेन, पण एकदाच, नाही तर डोक्यावर बसेल. ती तुझी मुलगी आहे.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव. वहिनीला काही बोलू नकोस.

मांजरपाट, शिलाई, सरस, रंगाच्या पुड्या आणि तिला हवे असलेले दोन मोठे ब्रश, असं सगळं धरून आत्ताच वहिनीच्या खात्यावर पाठवले, रुपये बावीस हजार.

तुझा,
निल्या